छपरावर चढणार कोण?

संपादक साहेब, नमस्कार.

सध्या आमच्या डिचोलीत कुठेही जा, सोलरच्या गप्पा. फेब्रुवारी २०२४ मध्ये घराच्या छपरावर सोलर पॅनल बसवायची पीएम सूर्यघर योजना आली, ३ किलोवॅटला ७८ हजार सबसिडी, मग लोक विचार करणारच, चांगलंच आहे. पण ही पॅनलं बसवणार कोण आणि पुढे सांभाळणार कोण? शेजाऱ्यांकडे बाहेरची टीम आली, बसवून गेली, पहिल्याच पावसात कौलांतून पाणी खाली, आता फोन केला की आज येतो उद्या येतो चाललंय.

आणि इकडे आयटीआय झालेली आमची मुलं सरकारी जाहिरातीची वाट बघत घरी. कॉन्ट्रॅक्टरला विचारलं तर म्हणतो अनुभव नाही, आणि राग आला तरी त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा ट्रेड केलेला मुलगा घरचं वायरिंग, मोटर, स्टार्टर सगळं करतो, पण सोलरची डीसी लाइन, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, वेगळीच भानगड आहे, मेन स्विच पाडला म्हणून पॅनल थोडंच बंद होतं, ऊन आहे तोवर तिकडून व्होल्टेज येतच राहतं, आणि लोड चालू असताना कनेक्टर ओढला तर जो आर्क, म्हणजे विजेचा जाळ, पडतो तो घरच्या एसी विजेसारखा पटकन विझत नाही. हे फळ्यावर लिहून हाताला कसं कळणार?

सोलरचं काम शिकवणारा सूर्यमित्र नावाचा ६०० तासांचा कोर्स आहे, वाईट नाही, पण तो अख्ख्या देशासाठी एकच. आमच्याकडे मंगळुरी कौलं, खाली जुने वासे-रिपा, किनाऱ्यावर नटबोल्ट खाणारा खारा वारा, चार महिने पाऊस, आणि अर्थिंगचा खड्डा मारायला गेलं की चिरा, म्हणजे जांभा दगड, लागतो, उन्हाळ्यात तो सुकला की अर्थिंगचा भरवसा नाही. हे शिकवणार कोण, दिल्लीवाले?

गोव्यात असं ट्रेनिंग होत नाही असंही नाही हां. बेतूलला ओएनजीसीचं सी सर्व्हायव्हल सेंटर, म्हणजे समुद्रात जीव कसा वाचवायचा ते शिकवणारं केंद्र, २०२४ लाच सुरू झालं, वर्षाला १० ते १५ हजार जणांना शिकवायचं टार्गेट, आणि तिथे वादळी हवा मुद्दाम तयार करून माणसाला खरोखर पाण्यात उतरवतात. मग फर्मागुढी, म्हापसा, डिचोलीच्या आयटीआयच्या आवारात पुरुषभर उंचीचं एक कौलारू छप्पर बांधायला काय हरकत आहे? मुलांना बेल्ट लावून वर चढवा, कौल काढून वाशाला हुक मारायला लावा, परत बसवून वरून पाण्याचा पाइप सोडा, गळलं तर पुन्हा करा.

दुसरं म्हणजे सबसिडीचं काम घेणाऱ्या प्रत्येक एजन्सीने गोव्यातला एक तरी ॲप्रेंटिस ठेवलाच पाहिजे अशी अट वीज खात्याने घालावी, तीही स्टायपेंड देऊन, फुकट राबवून नको. ॲप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे, नवीन काही मागत नाहीये. खाणी २०१२ ला बंद पडल्या, परत २०१८ ला, तेव्हा खाणीचा माल वाहणाऱ्या ट्रकवाल्या घरांचं काय झालं ते डिचोली-सत्तरीने बघितलंय, त्याच घरांतल्या मुलांबद्दल बोलतोय मी. ऑगस्टला आयटीआयची नवी बॅच बसते, त्याआधी निदान एका आयटीआयत तरी हे छप्पर उभं राहू दे.

– एक वाचक, डिचोली