बाबा, जानेवारीत तुम्हीच बोला

पुणे, रविवार

ती. आई-बाबा,
शि. सा. न. वि. वि.

फोन केला की बाबा 'बरं, बरं, आईशी बोल' म्हणून सुटतात आणि आईकडे फोन गेला की नेमकी कुकरची शिट्टी होते. म्हणून हे पत्र. पाकिटाला तिकीट लावलंय. बाबा आधी त्याची दातेरी कड बघतील, मग पत्र उघडतील, हे मला ठाऊक आहे.

आईकडून कळलं की ज्येष्ठ नागरिक संघाच्या जानेवारीच्या सहभोजनाला गुडघ्यांवर बोलणारे डॉक्टर येऊ शकत नाहीत. (वर्षभरातले गुडघ्यांवरचे ते तिसरे पाहुणे होते, तेव्हा गुडघ्यांचं काही अडणार नाही.) कार्यवाह काका घरी येऊन म्हणाले, 'तुम्हीच बोला की तुमच्या त्या टपाल तिकिटांच्या प्रेसबद्दल.' त्यावर बाबा 'माझ्याकडे काय आहे सांगण्यासारखं?' म्हणाले आणि काका नुसता चहा पिऊन परत गेले.

बाबा, काकांना फोन करून हो म्हणा.

नोव्हेंबरात मी तुम्हाला सहभोजनाला गाडीनं सोडायला आले आणि आईनं 'आलीच आहेस तर जेवून जा' म्हणून थांबवून घेतलं, तेव्हा खरं तर मी कंटाळायच्या तयारीनं बसले होते. प्रार्थना झाली, गेल्या महिन्यात गेलेल्या दोघांसाठी सगळे उभे राहिले, आणि लगेच त्या महिन्यात वाढदिवस असणाऱ्यांना गुलाबाचं एकेक फूल. दोन्हींत पाच मिनिटांचंही अंतर नव्हतं. मला कसंसंच झालं, पण तिथे कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. मग पाहुण्यांचा परिचय, शाल, श्रीफळ, आणि सायबर पोलिसांमधले ते तरुण अधिकारी बोलायला उभे राहिले. 'डिजिटल अरेस्ट असा काही प्रकार कायद्यातच नाही,' पोलीस असल्याचं सांगून व्हिडिओ कॉलवर अडकवून ठेवणारे भामटेच असतात, हे त्यांनी तीनदा सांगितलं, आणि फसवले गेलात तर वेळ न घालवता 1930 या हेल्पलाइनला फोन करा, हेही. मागून एक आजी म्हणाल्या, 'म्हणजे फोन उचलायचाच नाही का? मुलगा अमेरिकेतून करतो, त्याचाही नंबर असाच विचित्र येतो!' सगळा हॉल हसला.

खरी गोष्ट मात्र नंतर, जेवणाच्या रांगेत घडली. माझ्यापुढे मठ्ठ्याचा ग्लास घेऊन उभे असलेले एक काका शेजारच्यांना हळूच म्हणाले, 'मला दोन दिवस बसवून ठेवलं होतं व्हिडिओ कॉलवर. घरी कुणाला सांगितलं नाही अजून.' शेजारचे काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त काकांच्या ताटात एक जिलबी वाढली. (त्या दोघांनाही शुगर असणार, पण असो.) व्याख्यानात ते काका हात वर करून बोलले नसते. व्याख्यान झालं नसतं तर जेवताना तरी बोलले असते का, कोण जाणे. आधी भाषण की आधी जेवण, यावर तुमच्या संघात दर सहा महिन्यांनी वाद होतो असं आई सांगते. माझं मत विचाराल तर आधी भाषण. आधी मसालेभात वाढलात तर पाहुण्यांना घोरणं ऐकावं लागेल.

बाबा, वक्ता कसा असावा हे मला तुम्हीच शिकवलंत. मे महिन्यात नाशिक रोडहून स्कूटरवर पुढे उभी करून मला गोदाघाटावर वसंत व्याख्यानमालेला न्यायचात. ती व्याख्यानमाला 1922 ची, हे तुम्ही दर वर्षी नव्यानं सांगायचात. येताना प्रत्येक वक्त्याची हजेरी: हा विषयावर आलाच नाही, त्यानं चाळिसाव्या मिनिटाला थांबायला हवं होतं, तिसरा उगाच संस्कृत श्लोक फेकत होता. ज्यानं वीस-पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या भाषणांचे गुण काढले, त्यानं एकदा स्वतः माईकसमोर उभं राहायला काय हरकत आहे?

आणि सांगण्यासारखं काय नाही? माझ्या तिकिटांच्या अल्बमच्या पहिल्या पानासाठी तुम्हीच मला लिहून दिलं होतंत, ते अजून माझ्याकडे आहे. आपली तिकिटं आधी लंडनहून छापून यायची, 1925 मध्ये नाशिकला प्रेस उभी राहिली आणि मग ती इथे छापली जाऊ लागली. शेजारच्या करन्सी नोट प्रेसमध्ये 1928 पासून नोटा. स्वातंत्र्यानंतरचं पहिलं तिकीट 21 नोव्हेंबर 1947 चं, साडेतीन आण्यांचं, त्यावर तिरंगा आणि 'जय हिंद'. ते नाशिकचं. पण पुढच्या वर्षी 15 ऑगस्टला गांधीजींची तिकिटं निघाली ती छापून आली स्वित्झर्लंडहून! ज्यांनी विलायती कापडाची होळी करायला लावली त्यांचं तिकीट परदेशी, हे सांगताना तुम्ही नेहमी थोडं थांबता. तसेच तिथेही थांबा, हॉलमध्ये चुळबुळ होईलच. मग 1952 ची संत-कवींची सहा तिकिटं काढा: कबीर, तुलसीदास, मीराबाई, सूरदास, गालिब, टागोर. फोटोग्राव्ह्यूर पद्धतीनं, म्हणजे सिलिंडरवर चित्र कोरून, आपल्याकडे छापलेली ती पहिली. म्हणजे चारच वर्षांत स्वित्झर्लंडवरून नाशिकला.

तुमची अडचण मला माहीत आहे. 'तिथलं बाहेर बोलायचं नसतं.' फाटकावरची झडती, आतबाहेर जाण्याचे नियम, मोजून घेतलेला कागद मोजूनच परत द्यायचा, या सगळ्याची तुम्हाला एवढी सवय झाली की निवृत्तीला अकरा वर्षं झाली तरी घरात प्रेसचा विषय निघाला की तुम्ही आवाज खाली घेता. जे सांगायचं नाही ते नका सांगू. पण वर लिहिलेलं सगळं उघडच आहे. आणि तिकिटाच्या कडेला भोकं कशी पडतात, ती रेषेत आली नाहीत तर अख्खी शीट कशी बाद होते, मागच्या डिंकाचा वास हिवाळ्यात वेगळा का येतो, यात कसलं गुपित आहे?

यात आईचाही एक मुद्दा आहे, तो ती स्वतः काढणार नाही.

आई, तू मागे एकदा मला सांगितलं होतंस, लग्नानंतर पहिल्या वर्षी बाबांचा शर्ट धुताना खिशातून आणि कॉलरमधून कागदाच्या बारीक पांढऱ्या टिकल्या निघायच्या. तू घाबरलीस, म्हणालीस, 'हे काय आणलंत?' तर बाबा म्हणाले, 'काही नाही, भोकं.' झालं. सदतीस वर्षं सकाळी डबा भरून देणाऱ्या बाईला नवऱ्याच्या कामाबद्दल एवढीच माहिती मिळाली. तू त्या फाटकाच्या आत कधी गेली नाहीस. शेजारणींनी 'तुमचे हे नेमकं करतात काय?' विचारलं तर तू 'प्रेसमध्ये आहेत' म्हणून गप्प बसायचीस.

तेव्हा बाबा, संघातल्या साठ-सत्तर जणांना ऐकवायचं म्हणून लाजत असाल, तर राहू दे. तिसऱ्या रांगेत बसलेल्या एका बाईला ऐकवायचंय असं समजा. ती घरी विचारणार नाही आणि तुम्ही घरी सांगणार नाही, म्हणून मध्ये माईक लागतोय.

थोडं व्यवहाराचं. चाळीस मिनिटं, त्यावर एक मिनिट नाही. कागद हातात असू द्या पण वाचू नका. माझा अल्बम मी घेऊन येते, तो फिरवायला द्या. मात्र वरचं प्लॅस्टिक काढायचं नाही हे आधीच बजावा, नाहीतर जिलबीचे हात लागतील. प्रश्नोत्तरांत कुणीतरी 'दोन हजारच्या नोटेत चिप होती का?' विचारणारच. चिडू नका. श्रीफळ घरी आणा, आई त्याच्या वड्या करील.

मी आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी निघते. घाटात गर्दी नसली तर साडेनऊपर्यंत पोचेन, जेवायला थांबू नका. माझंही एक कूपन काढून ठेवा.

आणि आईला पहिल्या रांगेत बसवू नका. ती समोर दिसली की तुम्ही सगळं 'काही नाही, भोकं' मध्ये आटपाल.

तुमची
धाकटी