आधी पैसे, मग भाजी

ठाणे, वैशाख

चि. सौ. मृणाल हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, की खारघरच्या तुमच्या सोसायटीत कर्जतकडचे काही शेतकरी दर आठवड्याला भाजीचा हिस्सा द्यायला तयार आहेत, पण पावसाळ्याच्या चार महिन्यांचे पैसे आधी मागतात, तर भरायचे का? निखिलरावांचं म्हणणं, भाजी हल्ली दहा मिनिटांत दारात येते, मग जी अजून पेरलीसुद्धा नाही तिचे पैसे आत्ता कशाला द्यायचे? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर फोनवर उरकण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसलो.

माझं मत स्पष्ट आहे. भरा. या सगळ्या व्यवहारात शेतकऱ्याला खरा आधार होतो तो आधी मिळालेल्या पैशाचाच.

1996 साली भाजीबाजार भायखळ्याहून वाशीला आला, तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत मी तिथल्या एका गाळ्यावर हिशेब लिहिले, हे तू लहानपणापासून पाहिलंस. पण त्या वहीत काय असायचं ते तुला कधी सांगितलं नाही. रात्री गाड्या लागायच्या आणि उजाडेपर्यंत भाव फुटलेला असायचा. मग एकेका शेतकऱ्याच्या नावाने पट्टी करायची. वर मालाची रक्कम, खाली गाडीभाडं, हमाली, तोलाई. 2016 साली अडत, म्हणजे गाळेवाल्याचं कमिशन, खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं, तोवर तीही शेतकऱ्याच्याच रकमेतून वजा व्हायची. आवक फार झाली की कोथिंबीर, मेथी अक्षरशः कोणी विचारत नसे. अशा दिवशी पट्टीच्या तळाशी उणे रक्कम आलेली मी माझ्या हाताने लिहिली आहे. म्हणजे माल त्याचा गेला आणि वर भाडंही त्यानेच द्यायचं. त्यात कोणाची लबाडी नसे. त्या रात्री गाड्या जास्त आल्या, एवढंच. पण बियाणं, शेणखत, मजुरी यांचा खर्च तो कधीच करून बसलेला असे, बहुतेक वेळा उसनवारीने, आणि आपल्या मालाला काय मिळालं ते त्याला सगळ्यांच्या शेवटी कळे.

हिस्सा घेण्याच्या पद्धतीत हा क्रम उलटा होतो. पेरणीच्या आधी त्याच्या हातात पैसे पडतात आणि किती घरांसाठी किती पिकवायचं हे त्याला ठाऊक असतं. मृगाच्या तोंडावर सावकाराकडे जावं लागत नाही. ही काही तुमच्या सोसायटीची नवी टूम नाही. जपानमध्ये 1970 च्या दशकात शहरातल्या गृहिणींनी शेतकऱ्यांशी असेच थेट करार केले, त्याला तिकडे तेइकेई म्हणतात. अमेरिकेत 1986 साली दोन शेतांवर याची सुरुवात झाली. आपल्या मुंबईत ‘हरी भरी टोकरी’ नावाच्या उपक्रमाने हंगामाचे पैसे आधी घेऊन हेच केलं.

आता दुसरी बाजू. आपल्या पाचपाखाडीच्या गटाला मुरबाडहून भाजी येते. एका श्रावणात पावसाने असा काही जोर धरला, की शिराळी-पडवळांचा मांडव वेलांसकट आडवा झाला. पुढचे काही आठवडे पेटीत काय, तर अळू, लाल भोपळ्याची एक फोड आणि थोडी मिरची. स्टिल्टखाली पेट्या उतरवायला आलेला मुलगा कोणाकडे वर बघेना. काहींनी तिथल्या तिथे पैसे परत मागितले, आणि पुढच्या हंगामात ते आले नाहीत. मला त्यांचा राग नाही, पण त्यांनी हिस्सा घेतलाच नव्हता, भाजीची आगाऊ नोंदणी केली होती. हिस्सा म्हटला की वाईट आठवडाही त्यात आला. तुम्हा दोघांना हे पटत असेल तरच भरा. दर शनिवारी पेटीचं वजन करून बाजारभावाशी ताळा करत बसणार असाल, तर त्या माणसालाही त्रास आणि तुम्हालाही.

मात्र डोळे मिटून भरायचं नाही. भरण्याआधी विचार, की जमीन कोणाची, पिकवतं कोण, आणि आम्ही एखाद्या रविवारी शेतावर आलो तर चालेल का. चालेल म्हणाले तर जाच, सोहमलाही न्या. पीजीएस, म्हणजे सेंद्रिय शेतीचं, प्रमाणपत्र आहे का तेही विचार. त्यात किमान पाच शेतकऱ्यांचा गट असतो आणि ते एकमेकांची शेतं तपासतात. शेजारच्या बांधावरचा माणूस काय फवारतो हे शेजाऱ्याला जितकं कळतं तितकं कोणाला कळणार? प्रमाणपत्र नसलं म्हणून लगेच नाही म्हणू नकोस, पण प्रश्नाचं उत्तर कसं देतात ते ऐक. आणि माझ्या धंद्यातली एक खूण सांगून ठेवतो. आषाढात पेटीत हिरवा वाटाणा निघाला तर तो कर्जतचा नव्हे. त्या दिवसांत वाटाणा हिमाचलातून येतो. म्हणजे कोणीतरी बाजारातून उचलून तुमच्या पेटीत भरतोय, हे समजावं.

पावसाळ्यात कर्जत पट्ट्यातून काय येईल त्याचा अंदाज आधीच बांधून ठेव. भेंडी, काकडी, कारली, शिराळी, पडवळ, अळू. पालेभाज्या त्या पावसात कुजतात, म्हणून मेथी-पालकाची वाट बघू नकोस. त्याऐवजी रानभाज्या येतील, आणि त्यांच्यासाठी तरी हा हिस्सा घ्यावा असं मला वाटतं. टाकळा, कुळीची भाजी, भारंगी, कंटोळी. ठाकूर आणि कातकरी बाया त्या डोंगरातून खुडून आणतात, शेतात त्या पिकत नाहीत. पहिल्या पावसाबरोबर शेवळं आली तर घाबरून कोणाला देऊन टाकू नकोस. वरचं आवरण सोलायचं, आतल्या दांड्यावरचा पिवळा भाग काढून टाकायचा, बाकीचं बारीक चिरून तेलावर चांगलं परतायचं आणि काकडांचा रस घालायचा. काकडं म्हणजे आवळ्यासारखी दिसणारी आंबट फळं, शेवळं विकणाऱ्या बायकांकडेच वाटे लावलेले असतात. ती नसतील तर चिंचेचा कोळ जरा सढळ हाताने घाल. आंबट कमी पडलं तर घसा खाजतो. आई सोडे घालून करते तशी तुला आवडेल, तिला विचारून घे.

कांदे, बटाटे, आलं, लसूण बाहेरूनच आणावं लागेल, तो खर्च धरून चाला. तिघांच्या घराला अर्धा हिस्सा पुरे, शेजारच्यांना विचारून एक हिस्सा दोघींत घ्या. पेटी आली की सगळं धुऊन ठेवू नकोस. माती झटकून, सुती फडक्यात गुंडाळून ठेवलं तर टिकतं. सोहम पडवळाला तोंड लावत नाही हे मला माहीत आहे. आमच्याकडे खाली एक टोपली ठेवलेली असते, ज्याला जे नको ते त्यात टाकायचं आणि दुसऱ्याचं नकोसं आपण उचलायचं. तुमच्याकडेही पहिल्याच शनिवारी तशी ठेवा, फार सोय होते.

दिवाळीनंतरचा हंगामही जमला तर घ्या. भात कापल्यावर त्याच ओलीवर तिकडे वाल पेरतात. त्याच्या कोवळ्या शेंगा आणि पुढे डाळिंब्या या बाजारातल्या मालापेक्षा किती वेगळ्या लागतात ते तोंडाने सांगता येत नाही.

निखिलरावांना हे पत्र वाचायला दे. त्यांना हिशेबाचं काही विचारायचं असेल तर मला फोन करू देत, मला आवडेल. फक्त ठरवायला जून उजाडू देऊ नका. बियाणं मेअखेरीस घेतात, त्यानंतर दिलेल्या पैशाचा त्यांना निम्मासुद्धा उपयोग नाही.

सोहमला गोड पापा.

तुझे,
बाबा