मांजराला माणसांची जंताची गोळी देऊ नका

महोदय,

10 फेब्रुवारीच्या राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळा-अंगणवाड्यांतून मुलांना अल्बेंडाझोलची 400 मिलिग्रॅमची गोळी देतात. मुलांसाठी ती उत्तमच आहे. पण ‘लहान मुलाला चालते, मग मनीला का नाही?’ असे म्हणून तीच गोळी अर्धी मोडून मांजराला चारली जाते, हे थांबले पाहिजे. एक ते दोन वर्षांच्या मुलाला अर्धी गोळी, म्हणजे 200 मिलिग्रॅम देतात आणि त्याचे वजन दहा किलोच्या आसपास असते. तेवढाच तुकडा तीन किलोच्या मांजराच्या पोटात गेला की किलोमागे मात्रा तिपटीहून जास्त होते. अल्बेंडाझोलने मांजराच्या अस्थिमज्जेला इजा होऊन रक्तपेशी घटल्याच्या नोंदी आहेत. एवढे करून नेहमी दिसणाऱ्या फीतकृमीवर (फितीसारखा चपटा, तुकड्यातुकड्यांचा जंत) या एका डोसाचा भरवसा धरता येत नाही, तो नाहीच.

औषध ठरते ते जंतावरून. उलटीत किंवा शीमध्ये शिजवलेल्या शेवयांसारखे, दोन्ही टोकांना निमुळते, 3 ते 10 सेंटिमीटरचे पांढरट जंत दिसले तर ते गोलकृमी. पिल्लाचे पोट नगाऱ्यासारखे तट्ट आणि पाठीचा कणा मात्र बोटांना टोचणारा, ही त्याची खूण. मांजरीच्या दुधातूनच हे जंत पिल्लांत उतरतात, त्यामुळे ‘आमचे पिल्लू घराबाहेर गेलेलेच नाही’ या म्हणण्याला अर्थ उरत नाही. मोठ्या मांजरांना ते मातीतल्या अंड्यांतून आणि उंदरांतून मिळतात.

अंकुशकृमी सहसा डोळ्यांना दिसत नाहीत. ते आतड्याला चिकटून रक्त पितात. म्हणून ओठ उचलून हिरड्या पाहाव्यात. गुलाबीऐवजी पांढुरक्या दिसल्या, शी डांबरासारखी काळी-चिकट झाली, पिल्लू निपचित पडू लागले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. नुसती गोळी देऊन वाट पाहण्याची ही वेळ नव्हे.

फीतकृमीचे तुकडे शेपटीखालच्या केसांत आणि मांजराच्या अंथरुणावर सापडतात. ताजे असताना तांदळाच्या दाण्याएवढे आणि चक्क हलणारे, वाळल्यावर तिळासारखे पिवळट. शीच्या तपासणीत हा जंत अनेकदा निसटतो, कारण अंडी तुकड्याच्या आत बंद असतात. म्हणून तुकडा दिसला की फोटो काढावा, शक्य तर डबीत घालून न्यावा. बाकी जंतांसाठी ताजी शी, चमचाभर, झाकणाच्या डबीत. लगेच नेता येत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात नव्हे.

मांजरांच्या नेहमीच्या गोळीत दर 4 किलो वजनामागे 20 मिलिग्रॅम प्राझिक्वांटेल (फीतकृमीसाठी) आणि 230 मिलिग्रॅम पायरँटेल (गोलकृमी व अंकुशकृमीसाठी) असते. कुत्र्यांच्या सर्रास मिळणाऱ्या गोळीत पायरँटेल दर 10 किलोमागे 144 मिलिग्रॅमच. म्हणजे ती वजनाच्या हिशेबाने तोडून दिली तर मांजराला पायरँटेल जेमतेम चौथाई मिळते आणि जंत तसेच राहतात. वजन अंदाजाने धरू नये. मांजराला घेऊन काट्यावर उभे राहावे आणि त्यातून आपले वजन वजा करावे. पिल्लू स्वयंपाकघरातल्या काट्यावर मावते.

पिल्लांना तिसऱ्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला, दूध सुटल्यावर आणखी दोन आठवड्यांपर्यंत, मग सहा महिन्यांपर्यंत दरमहा औषध द्यावे, आणि आईलाही त्यांच्याबरोबरच. सहा आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला वरची गोळी नको. त्याच्यासाठी पायरँटेलचे पातळ औषध पशुवैद्यकाकडून मोजून घ्यावे. इतक्या वेळा कशाला, असे विचारले जाते. औषध आतड्यातले जंत मारते, यकृत-फुप्फुसांतून फिरणाऱ्या अळ्या त्यातून सुटतात आणि नंतर आतड्यात येऊन वाढतात. घरातच राहणाऱ्या मोठ्या मांजराला वर्षातून एक-दोनदा पुरते, उंदीर धरणाऱ्याला दर तीन महिन्यांनी.

गोळी कुस्करून दह्यात कालवू नये. ती कडू असते, मांजर निम्मी टाकते आणि किती पोटात गेली ते कळत नाही. डोके किंचित वर करून गोळी जिभेच्या मुळाशी ठेवावी, तोंड मिटून गळा चोळावा, मग सुई काढलेल्या सिरिंजने गालाच्या फटीतून 5 मिलिलिटर पाणी हळूहळू द्यावे. कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकते. गोळी चावली गेली तर तोंडाला फेस येतो. तो कडवटपणाचा असतो, विषबाधेचा नव्हे.

तीन आठवड्यांत पुन्हा तांदळाचे दाणे दिसले तर औषधाला दोष देण्याआधी पिसवा पाहाव्यात. फीतकृमीची अळी पिसवेत असते आणि अंग चाटताना मांजर ती पिसू गिळते. बारीक फणीने निघालेली काळी भुकटी ओल्या कागदावर टाका. लालसर डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा. मग घरातल्या सगळ्या मांजरांना पिसवांचे औषध निदान तीन महिने सलग द्यावे लागते, कारण कोशातल्या पिसवेला औषध लागत नाही. अंथरूण दर आठवड्याला गरम पाण्यात धुवावे. परमेथ्रिन असलेले कुत्र्यांचे मानेवर टाकायचे थेंब मांजराला कधीही लावू नयेत. त्याने झटके येऊन मांजर दगावते. लसणाचा घरगुती उपायही नको, त्याने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात.

शेवटी मांजराच्या शीच्या पेटीबद्दल. गोलकृमीच्या अंड्यांत संसर्गक्षम अळी तयार व्हायला दोन आठवडे तरी लागतात, म्हणून शी रोज उचलली तर घरातल्या मुलांचा धोका खूपच कमी होतो. त्या अळ्या मुलांच्या यकृतात, क्वचित डोळ्यांतही जातात. पेटी फिनेलने धुऊ नये. अंडी त्याने मरत नाहीत, आणि फिनेल पंजांवरून चाटले गेले तर मांजराला विषारी ठरते. उकळते पाणी ओतून घासावी आणि उन्हात वाळवावी.

– एक पशुवैद्यक, सातारा