पलटणीची शिस्त आणि सुट्टीतली लग्ने

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘असल्यांना पलटणीत घेतले तर शिस्तीचे काय?’ असा सवाल गेल्या आठवड्यात आपल्या सदरात एका वाचकाने केला होता. समलिंगी माणसे सैन्यात असावीत की नसावीत यावर त्यांनी बरेच लिहिले, पण ती तिथे आधीपासूनच आहेत हे त्यांच्या गावीही नाही. भरतीला छाती मोजतात, धावायला लावतात, डॉक्टर डोळे-कान बघतो. कोणाचे मन कोणावर जाते हे मोजायची पट्टी अजून निघालेली नाही. मी मराठा लाइट इन्फंट्रीतून नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालो. रंगरूट म्हणून घासला गेलो तोही आपल्या बेळगावच्या कॅम्पातच. म्हणून हे चार शब्द.

6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध भारतीय दंड संहितेच्या कलम 377 मधून वगळले. पुढच्या जानेवारीत तेव्हाचे लष्करप्रमुख, दिवंगत जनरल बिपिन रावत, पत्रकारांना म्हणाले की सैन्य कायद्याच्या वर नाही, पण ते जुन्या वळणाचे आहे आणि तिथे हे चालू देणार नाही. 1950 च्या आर्मी अॅक्टचे 46 वे कलम त्यांच्या पाठीशी होतेच: ‘अनैसर्गिक’ वर्तनाला सात वर्षांपर्यंत कैद. जवानांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालायची मुभा घटनेचे 33 वे कलम संसदेला देते, तेव्हा बाहेरचा निकाल बॅरकमध्ये आपोआप लागू होत नाही.

साहेबांबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, हे मला पटलेले नाही. त्या कलमात क्रूर, अश्लील आणि अनैसर्गिक अशी तिन्ही एकाच पोत्यात भरली आहेत. हवालदाराने रंगरुटाच्या अंगाला हात लावला तर त्याला खुशाल कोर्ट मार्शलपुढे उभा करा. तिथे गुन्हा आहे तो जबरदस्तीचा आणि फितीचा माज दाखवल्याचा. समोर बाई होती की बाप्या, याने तो कमी-जास्त होत नाही. जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की व्यभिचाराबद्दल सैन्य आपल्या जवानावर कारवाई करू शकते. ते मला मान्य आहे. एक जण सीमेवर असताना दुसऱ्याने त्याच्या घरात शिरायचे म्हटल्यावर पलटण टिकायची कशी? पण कोणाचे घर न मोडता दोन माणसे आपापल्या सुट्टीत कोणाबरोबर राहतात, यात पलटणीचे काय बिघडले?

असा माणूस शत्रूच्या हेरांच्या हाती सापडेल, असेही ते वाचक म्हणतात. सापडेल, पण का? कळले तर नोकरी जाणार, अब्रू जाणार, म्हणून. ती भीती आपणच घालून ठेवली आहे. सगळ्यांना ठाऊक असलेल्या गोष्टीवरून कोण कोणाला धमकावणार?

आमच्या कंपनीत एक नाईक होता. एलएमजी (हलकी मशीनगन) खोलून पुन्हा जोडायला त्याच्याइतका चपळ हात मी पाहिला नाही. थंडीत बोटे वळत नसली की बाकीचे आपली शस्त्रे त्याच्यापुढे आणून ठेवायचे. लग्नसराईत मात्र तो सुट्टी मागायचा नाही, कोणा घरबारवाल्याला पुढे करायचा. लंगरमध्ये त्याच्यावरून विनोद व्हायचे. तो तसा होता की नव्हता, मी कधी विचारले नाही आणि आजही अंदाज बांधणार नाही. रात्री माझ्या शेजारच्या मोर्चात तो असला की मला बरे वाटायचे, एवढे खरे.

सुट्टीचे निघालेच आहे तर खरे दुखणे सांगतो. खानापूर, निपाणी, चिकोडी भागात फौजी मुलाला स्थळांची वाण नसते. दोन महिन्यांच्या वार्षिक सुट्टीवर आला की पहिल्या आठवड्यात मुली बघणे, तिसऱ्यात साखरपुडा, आणि हळद उतरायच्या आत मालक रेल्वेत. त्याला काही बोलायचे असले तरी बोलणार कोणाशी? आमच्या शेजारच्या गावात असेच झाले. वर्षाच्या आत सूनबाई माहेरी परतल्या. गावाने दोष तिलाच दिला: मुलीतच खोट, पत्रिका नीट जुळवली नव्हती, वगैरे. त्या पोरीला खरे कारण माहीत होते, पण तिला ना सासरी बोलता आले ना माहेरी. शिस्तीवर पानभर लिहिणाऱ्यांनी या पोरींचाही हिशेब करावा. आणि आता मुलीही गणवेशात आहेत. सांबऱ्याच्या एअरमन ट्रेनिंग स्कूलमधून 2023 च्या डिसेंबरात अग्निवीर मुलींची तुकडी बाहेर पडली. त्यांच्यातल्या एखादीला नवराच नको असेल, तर तिच्यावर घरचा रेटा मुलापेक्षा दुप्पट.

ज्या इंग्रजांनी आपल्याला 377 दिले, त्यांनी युरोपीय मानवाधिकार न्यायालयात हरल्यावर 2000 साली आपल्या सैन्यातली समलिंगींवरची बंदी उठवली. 2023 मध्ये त्यांच्या पंतप्रधानांनी हाकललेल्या सैनिकांची संसदेत माफीही मागितली. अमेरिकेने 2011 मध्ये ‘विचारू नका, सांगू नका’ हा लपवाछपवीचा नियम मोडीत काढला. दोन्ही सैन्ये जागच्या जागी आहेत. ‘ही गोऱ्यांची थेरं’ म्हणणाऱ्यांनी सौंदत्तीच्या डोंगरावर जाऊन यावे. यल्लम्माला वाहिलेल्या, बाईच्या वेशात राहणाऱ्या जोगाप्पांचा विषय वेगळा, हे मान्य. पण यल्लम्माच्या दारात त्यांच्या पाया पडायचे आणि घरी येऊन नाक मुरडायचे, हे आपले नेहमीचेच.

माझी मागणी साधी आहे. कलम 46 मधला ‘अनैसर्गिक’ शब्द संसदेने काढावा आणि जबरदस्ती व अधिकाराचा गैरवापर स्पष्ट शब्दांत घालावा. ते होईल तेव्हा होईल. तोवर माजी सैनिकांच्या मेळाव्यात पेन्शन आणि कॅन्टीनच्या जोडीला हा विषयही एकदा निघू द्या. आणि सुट्टीवर आलेल्या पोराला मुली दाखवण्याआधी आई-बापांनी त्याला एकट्याला घेऊन शेताकडे एक चक्कर मारावी.

पत्राखाली नाव छापू नये, ही विनंती. मला कोणाचे भय नाही, पण धाकट्या पुतण्याचे लग्न ठरायचे आहे आणि आमच्याकडे चौकशी कुठून कुठे जाते, हे आपण जाणताच.

आपला,
एक निवृत्त नायब सुभेदार, ता. खानापूर, जि. बेळगाव