हेरांमुळे युद्ध टळतंसुद्धा

संपादक महोदय,
हेरगिरी म्हणजे नुसता दगाफटका असं लोक सरसकट बोलतात ते मला अजिबात पटत नाही. १९८३ मध्ये नाटोचा एबल आर्चर हा अणुयुद्धाचा सराव झाला तेव्हा सोव्हिएत नेत्यांना खरंच अणुहल्ल्याची धास्ती होती आणि ती किती खरी आहे हे पाश्चात्त्यांना कळलं ते केजीबी या सोव्हिएत गुप्तचर संस्थेतल्या ओलेग गोर्डिएव्स्कीमुळे, जो जीव धोक्यात घालून ब्रिटिशांना माहिती देत होता. समोरचा किती घाबरलाय हे सॅटेलाइटच्या फोटोत दिसत नाही हो, त्याला आतलाच माणूस लागतो. पण २००३ ला इराकमध्ये नसलेल्या महासंहारक शस्त्रांच्या कच्च्या माहितीवर युद्ध झालं, किती माणसं हकनाक मेली. त्यामुळे गुप्तचर संस्थांवर संसदेची नजर हवीच, आणि माहिती सोयीप्रमाणे वाकवणाऱ्या नेत्यांना जाब विचारलाच पाहिजे.
– एक वाचक