रेसचे पॅड आणि दुधाचा कॅन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपला अंक इंदूरला आमच्या हातात दुसऱ्या दिवशी पडतो, म्हणून रविवारची वाहन पुरवणी मी सोमवारी दुकानात बसून वाचते. मागच्या खेपेला तिच्यात ब्रेक पॅडवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी डिस्क दोन्हीकडून चिमटून गाडी थांबवणाऱ्या लाद्यांवर, अर्धं पान होतं. ट्रॅकवर वापरायचे पॅड रोजच्या गाडीलाही बसवा, गाडी लवकर थांबेल, पैसे जातील पण जीव वाचेल, असा एकूण सूर. तेव्हापासून दुकानात चार पोरं येऊन गेली, हातात मोबाइल, त्यात त्या पानाचा फोटो. "मावशी, हे आहेत का?" नाहीत, आणि असते तरी मी त्यांना दिले नसते. का, ते लिहिते. छापायला लांब होईल, पण कापायचं तर नमस्कार-चमत्कार कापा, आकडे कापू नका.

छोटी ग्वालटोळीत आमचं सुट्या भागांचं दुकान आहे. सासऱ्यांच्या वेळी ट्रकच्या ब्रेक-शूला लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासणारी पट्टी, रिव्हेट करून देणं हाच मुख्य धंदा होता. आता डिस्क पॅड, ब्रेक ऑइल, व्हील सिलिंडर, असलं सगळं. गिऱ्हाईक अजूनही पॅडला "लेदर" म्हणतं आणि मीही म्हणते. काउंटरवर बसून मला सव्वीस वर्षं झाली. ट्रॅकवर मी स्वतः कधी गाडी चालवलेली नाही, पण ट्रॅकवरून आलेले पॅड मात्र पुष्कळ पाहिलेत, त्यात माझ्या भाच्याच्या गाडीचे पहिले.

भाचा पिथमपूरला नोकरीला आहे, राहतो राजेंद्रनगरात. त्याची गाडी फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय, पुढे डिस्क, मागे ड्रम. कंपनीचेच पॅड घालून तो मित्रांबरोबर ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर गेला. फॉर्म्युला वनच्या २०११ ते २०१३ च्या शर्यती झाल्या तोच ट्रॅक. ५.१२५ किलोमीटरची फेरी, १६ वळणं, आणि मधे एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा. त्या पट्ट्याच्या शेवटी सगळा वेग ब्रेकवर उतरवावा लागतो. रात्री फोन आला, "मामी, ब्रेकच गेला होता. थोडक्यात वाचलो."

मी विचारलं, "गेला म्हणजे कसा? पॅडल कडक होतं आणि गाडी थांबत नव्हती, की पॅडलच खाली जात होतं?"

हा प्रश्न सासरे प्रत्येक ड्रायव्हरला विचारायचे. दोन्हीला लोक "ब्रेक फेल"च म्हणतात, पण दुखणी दोन आहेत. पॅडल कडक आणि गाडी पुढे पळतेय, तर पॅड तापून गेलेत. पॅडमधलं राळेचं मिश्रण ठरावीक तापमानाच्या वर गॅस सोडायला लागतं, पॅड आणि डिस्कच्या मधे त्याची चादर होते आणि पकड सुटते. पॅडल मऊ होऊन खाली जातंय, तर ब्रेक ऑइल उकळलंय. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते, सगळा दाब त्या बुडबुड्यांतच संपतो.

"आधी कडक, मग खाली," तो म्हणाला. म्हणजे दोन्ही.

त्याला समजावं म्हणून मी कागदावर हिशेब मांडून दाखवला. साधारण अकराशे किलोची गाडी ताशी १६० वरून ६० वर आणायची तर सव्वानऊ लाख जूलच्या आसपास ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. एवढ्या उष्णतेत तीन लिटर गार पाणी उकळतं. एका वळणाला तीन लिटर, आणि अडीच-तीन मिनिटांनी तेच वळण पुन्हा. मधे आणखी चार ठिकाणी जोराचे ब्रेक आहेतच. शहरात ५० च्या वेगाने येऊन सिग्नलला थांबलात तर तीच गाडी दोन कप चहाचं पाणी उकळेल एवढीच उष्णता देते. वेग तिप्पट झाला तर उष्णता नऊपट होते, हे शाळेत शिकवतात, पण ते गाडीच्या चाकात घडतं हे कुणी सांगत नाही. रस्त्याच्या पॅडनं ट्रॅकवर हात टेकले तर त्यात त्याचा दोष काय?

ऑइलचंही ऐका. ब्रेक ऑइलच्या प्रती डॉटच्या आकड्यानं ओळखतात. डॉट ४ म्हणून जे विकतात त्याचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पण हे ऑइल हवेतला ओलावा पितं. पुरेसं पाणी प्यायलं की हमी उरते ती १५५ अंशांची. डॉट ३ ला हेच आकडे २०५ आणि १४०, डॉट ५.१ ला २६० आणि १८०. भाच्याच्या गाडीतलं ऑइल तीन वर्षांपूर्वीचं होतं, तीन पावसाळे प्यायलेलं. ट्रॅकवर जायच्या आधी बाकी काही नाही बदललं तरी चालेल, ताजं ऑइल घालून नळ्यांतली हवा काढून घ्या. काही शे रुपयांचं काम. पण त्याचा फोटो काढून कुणाला दाखवता येत नाही, म्हणून ते सगळ्यात शेवटी सुचतं.

भाच्यालाही शेवटीच सुचलं. आधी त्यानं कुणाकडून तरी परस्पर शर्यतीचे पॅड मागवले. मला कळलं असतं तर ओरडले असते म्हणून न सांगता. खोक्यावर लिहिलं होतं, २०० ते ७०० अंश. त्यानं ७०० बघितलं आणि खूश झाला. २०० कडे लक्षच गेलं नाही.

संपादक महोदय, आपल्या लेखातही नेमकं तेवढंच राहून गेलंय. दुसरा आकडा सांगतो की पॅड कुठपर्यंत टिकेल. पहिला सांगतो की पॅड कुठून धरायला लागेल. ट्रॅकवर पहिल्या दोन वळणांत पॅड तापतो आणि मग फेऱ्या संपेपर्यंत तापलेलाच राहतो. रस्त्यावर तो बहुतेक वेळ शंभरच्याही खालीच असतो, आणि सकाळी घरातून निघताना हवेएवढा गार.

जानेवारीतली सकाळ, सातचा सुमार, धुकं. भाचा राजेंद्रनगरातून पिथमपूरला निघाला. रस्ता मोकळा, ब्रेकला हात म्हणजे पाय लावायची वेळच आली नाही. राऊच्या गोल चौकाशी पहिल्यांदा ब्रेक दाबला. त्याच्याच शब्दांत, "मामी, लाकडावर पाय ठेवल्यासारखं." पुढे मोटरसायकलवर दोन्ही बाजूंना कॅन लटकवलेला दूधवाला. गाडीनं मागून टेकवलं, जोरात नव्हे, पण एक कॅन सुटला आणि वीसेक लिटर दूध डांबरावर. दूधवाला उठला, कपडे झटकले आणि त्यानंतर तो जे बोलला ते आपल्या वर्तमानपत्रात छापता येणार नाही. इंदूरची हिंदी गोड आहे असं म्हणतात ते सगळ्यांच्या बाबतीत खरं नाही. दुधाचे पैसे, कॅनचे पैसे, वरून मडगार्ड. सुदैव एवढंच की तिथे शाळेची रिक्षा नव्हती.

आता "गाडी लवकर थांबते" या वाक्याकडे येते. मोकळ्या रस्त्यावर ६० च्या वेगात ब्रेक कचकचून दाबून बघा. ठीकठाक अवस्थेतल्या आजच्या गाडीत कंपनीचे पॅड चाक अडवण्याएवढी पकड देतात आणि एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, पायाखाली थरथरायला लागतो. एकदा तो थरथरला की पुढचं काम टायरचं आणि रस्त्याचं. पॅड कितीही महाग घाला, त्या एका थांब्यात हातभरही फरक पडायचा नाही. महाग पॅडचा उपयोग दहाव्या, विसाव्या थांब्याला. तो थांबा ज्याच्या आयुष्यात येतच नाही त्यानं तो विकत का घ्यावा? झिजलेल्या टायरवर रेसचे पॅड घेऊन फिरणारे मी पाहिलेत. पावसाळ्यात एबी रोडवर त्यांच्या पुढे आपली गाडी असू नये एवढीच प्रार्थना.

मग ट्रॅकची हौस असलेल्यानं करावं काय? माझं मत असं. वर्षातून एकदा-दोनदा जाणार असाल तर कंपनीचे चांगले पॅड, ताजं ऑइल, आणि तीन फेऱ्या जोरात, एक फेरी ब्रेक न लावता थंड करायला. नवखा माणूस त्याहून जास्त शिकतही नाही. याहून जास्त जात असाल तर मधल्या जातीचे पॅड मिळतात, जे गारही धरतात आणि चारशे-पाचशे अंशांपर्यंत दम काढतात. फेरोडो कंपनीचे डीएस २५०० त्या कामासाठी जगभर लोक वापरतात. मी ते विकत नाही, म्हणून नाव घ्यायला संकोच नाही. त्यांच्यात आवाज आणि काजळी कंपनीच्या पॅडपेक्षा जास्त असणार. चाकांवर काळी भुकटी साठणार, सोसायटीच्या गेटपाशी किंचाळल्यासारखं होणार, हे मान्य असेल तरच घ्या. आणि ईबीसी कंपनीच्या पॅडचे हिरवे, पिवळे, निळे हे रंग म्हणजे मिश्रणाच्या खुणा आहेत, गाडीच्या रंगाला मॅचिंग म्हणून घ्यायची गोष्ट नव्हे. असं मागणारा एक खरोखर आला होता.

तिसरी वाट शर्यतीच्या पॅडची. ते ट्रॅकवर पोचून बसवायचे आणि घरी निघायच्या आधी काढायचे. जॅक, पाना, कॅलिपरचा, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीचा, पिस्टन मागे दाबायला क्लॅम्प, सरावलेल्या हाताला तासाभराचं काम. शक्य असेल तर डिस्कचीही दुसरी जोडी ठेवा. कारण पॅड डिस्कवर आपल्या मिश्रणाचा पातळ थर चढवतो आणि खरी पकड त्या थराशी असते. एका मिश्रणाच्या थरावर दुसरं मिश्रण नीट बसत नाही, मग पॅडल थडथडतं आणि लोक "डिस्क वाकली" म्हणून भांडायला येतात. पुष्कळदा डिस्क वाकलेली नसते, तिच्यावर थर उंचसखल बसलेला असतो.

तो थर नव्या पॅडनाही चढवावा लागतो, आणि हे काम आपल्याकडे शंभरातले नव्वद मेकॅनिक करत नाहीत, चावी हातात देऊन मोकळे. पहाटे बायपासवर मागेपुढे कुणी नाही असं बघून ८० वरून २० पर्यंत आठ-दहा वेळा दमदार ब्रेक लावायचे, पूर्ण थांबायचं नाही, आणि मग पाच-सात किलोमीटर ब्रेक न लावता गार होऊ द्यायचं. तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून उभं राहिलात तर पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो. ट्रॅकवरून आत आल्यावरसुद्धा तेच. हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला वीट लावा.

पॅडच्या पाठीवरच्या अक्षरांबद्दल आपल्या लेखात एक ओळ होती, ती अर्धीच होती. एफएफ, जीजी अशी जोडी असते. पहिलं अक्षर गार पकडीचं, दुसरं तापलेल्याचं. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. इथवर बरोबर. पण त्या चाचणीतलं "गार" सुरू होतं ९३ अंशांपासून! राऊच्या चौकातली जानेवारीची सकाळ त्यात येतच नाही. रोजच्या गाडीसाठी मी अक्षरांपेक्षा ईसीई आर-९० चा, म्हणजे बदली पॅडसाठीच्या युरोपातल्या नियमाचा, शिक्का बघते. त्यात पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या १५ टक्क्यांच्या आतबाहेर असावी लागते. म्हणजे फार कमी नको तशी फार जास्तही नको. पुढच्या चाकाला भलतीच पकड दिली आणि मागचे ड्रम तसेच ठेवले, तर कंपनीनं जुळवलेला पुढचा-मागचा मेळ बिघडतो.

घाटाचा प्रश्न एका गिऱ्हाइकानं विचारला, तो लेखातही हवा होता. ओंकारेश्वरला भेरूघाटानं जाताना ब्रेक तापतात, मग रेसचे पॅड चांगले नाहीत का? नाहीत. तिथे ब्रेक तापतो तो पाय सतत ठेवल्यामुळे. मानपूरच्या पुढे गणपती घाटात किती ट्रक उतारावर सुटले, किती माणसं गेली, हे इंदूरकराला सांगायला नको. सासऱ्यांकडे तिथून आलेले लायनर यायचे, जळक्या वासाचे, काचेसारखे चकाकणारे. ते ड्रायव्हरला लायनर द्यायचे आणि वर म्हणायचे, "ज्या गिअरमध्ये चढतोस त्याच गिअरमध्ये उतर, नाहीतर हे पण आणशील." पॅड फुंकून साफ करायची त्यांची सवय मात्र वाईट होती. तेव्हाच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. आता आम्ही ओल्या फडक्यानं पुसतो, कॉम्प्रेसरची हवा मारू देत नाही.

माझी विनंती एवढीच आहे की पुढच्या रविवारी त्या लेखाला चार ओळींची दुरुस्ती द्यावी. आपल्या लेखकाला ती पटत नसेल तर त्यांनी इंदूरला यावं. भाच्याचे ते पॅड माझ्याकडे फळीवर आहेत, जेमतेम झिजलेले. रात्रभर उघड्यावर ठेवलेल्या गाडीला बसवू, सकाळी सहाला सुपर कॉरिडॉरच्या रिकाम्या पट्ट्यावर ५० च्या वेगात पहिला ब्रेक त्यांनीच दाबावा, मग कंपनीच्या पॅडवर तसाच दुसऱ्या दिवशी. मोजायची टेप माझ्या दुकानात आहे, तीस मीटरची. दूधवाल्यांची वेळ टाळून करू.

आपली,
एक दुकानदार वाचक
छोटी ग्वालटोळी, इंदूर