बापूला विचारता येत नाही म्हणून

प्रिय सुऱ्या,

आधी शिव्या घालून घे. शाळा सुरू झाल्यापासून तुला एक फोन नाही, मान्य. तब्येत बरी, शुगरची गोळी चालू, बास.

भानगड अशी की बापूच्या शाळेतली तीन पोरं माझ्याकडे येतो म्हणतायत. ओढ्यावर साकव झाला ना, वरच्या पाड्याला आता माझी शाळा जवळ. परवा दोन बाप आणि एक आजी आली, आजीने तर नातवाचं दप्तरच आणलेलं, म्हणे आजच बसवा. बापूचा सहावी ते आठवीचा पट 21. तीन गेले की 18, आणि 15 मार्च 2024 चा जीआर तुला पाठ आहे, वीसच्या खाली गेलं की त्या वर्गांना शिक्षकच मंजूर नाही. म्हणजे त्याचे गुरुजी अतिरिक्त ठरून दुसरीकडे जाणार आणि राहिलेली पोरं कुठं जाणार ते देव जाणे.

प्रवेश नाकारावा तर आरटीई, म्हणजे शिक्षणहक्क कायदा, आडवा येतो, दाखला नसला तरी पोराला बसवावंच लागतं. पालकांना म्हणावं का, शिक्षक 30 सप्टेंबरच्या पटावर ठरतात, तो लागू दे मग या? पण तोवर भर पावसात ती पोरं रोज डोंगर उतरणार, आणि माझ्या शाळेवरून पुढं जाणार, ते मी व्हरांड्यात उभं राहून बघायचं का.

गंमत बघ, एवढ्या वर्षांत असलं काही अडलं की पहिला फोन बापूला. संचमान्यता (शिक्षक किती मंजूर ते) असो, पोषण आहाराचा तांदूळ असो, आधार मिसमॅच असो. ग्रुपवर टाकलं की नुसते जोडलेले हात येतात आणि साहेबांना आयतं कळतं. केंद्रप्रमुखांना विचारलं तर ‘नियमाप्रमाणे करा’. आणि बापूलाच विचारलं तर तो म्हणणार ‘घे रे, पोरांचं बघ’. तो असंच म्हणणार हे माहितीय म्हणून तर विचारवत नाही. तुझ्यासारखा असता तर दोन दिवस भांडला असता, सोपं झालं असतं. (केंद्राच्या कबड्डीत शेवटची पकड आमचीच होती, अजून सांगतो.)

तुझं काय, बदलीत सीनियॉरिटी गेली ती गेली, पण आईजवळ आहेस. धाकटीचं अॅडमिशन झालं का? वहिनींना नमस्कार.

आजीला मी सोमवारी या म्हणालोय. त्याआधी फोन कर, आणि बापूला यातलं बोलू नकोस.

तुझा,
दिन्या